शनिवारची सही

शशिकला घरत हे नाव सुकापुरात फार तर रेशनकार्डावर सापडेल. गाव तिला चावीवाली म्हणतं. तिच्या पुढच्या खोलीत भिंतीला प्लायवूडची एक फळी ठोकलेली आहे, फळीवर सत्तावीस खिळे आणि खिळ्यांना सत्तावीस फ्लॅटच्या चाव्या. करंजाड्यातल्या घरांना लाल दोरा, सुकापूरच्यांना पिवळा, जुन्या पनवेलमधल्यांना पांढरा. विमानतळ येणार, विमानतळ येणार म्हणत लोकांनी इथे घरं घेऊन ठेवली आणि स्वतः राहायला गेले कुठे पुण्याला, कुठे दुबईला. बंद घर फार दिवस गप्प बसत नाही. नळ गंजतात, कबुतरं गॅलरीत संसार मांडतात, भिंतींना बुरशी धरते. शशिकला ठरल्या वारी जाऊन दारं-खिडक्या उघडायची, नळ सोडून बघायची, कबुतरांना हाकलायची, भाडेकरू आणायची आणि त्यांची शेजाऱ्यांशी लागलेली भांडणंही मिटवायची. वीस वर्षं हे चालू होतं. याला धंदा म्हणतात हे तिला सून घरात आल्यावर कळलं.

सून म्हणजे अंकिता, बी.कॉम. करंजाड्यात बहात्तर फ्लॅटची नवी सोसायटी झाली. निम्मे मालक बाहेरगावचे. तिथल्या सेक्रेटरींनी शशिकलेला बोलावून सांगितलं, “काम तुम्हालाच द्यायचं आहे, पण आता असं तोंडी चालणार नाही. कंपनी काढा, लायसन दाखवा. महिन्याच्या शेवटच्या रविवारी मिटिंग आहे, तेव्हा कागद ठेवू.” अंकिताने त्याच संध्याकाळी कंपनीचं नाव ठरवलं, मोबाइलवर पाटीसुद्धा रंगवली, ‘शशिकला प्रॉपर्टी केअर’. पाटीवर आपलं नाव बघून शशिकलेला लाज वाटली आणि आनंदही झाला. तो आनंद पुरते चार दिवस टिकला.

पाचव्या दिवशी दोघी पनवेलला शैलेशच्या ऑफिसात गेल्या. शैलेश टॅक्सची आणि लायसनची कामं करतो. खुर्चीत बसल्या बसल्या त्याने बोटांवर मोजायला सुरुवात केली.

“प्रॉपर्टी मॅनेजमेंटचं असं एकच लायसन आपल्याकडे नसतं, काकू. शॉप ॲक्टची नोंदणी करायची, म्हणजे आपलं गुमास्ता. कंपनीची नोंदणी. उलाढाल वाढली की जीएसटी. तुम्ही घरं विकूनही देता का?”

“नाय,” शशिकला म्हणाली.

“मग महारेरा नको, त्याची परीक्षाही नको. वॉचमन पुरवता?”

“नाय.”

“मग तेही लायसन नको. सुटलात.”

परीक्षा नको म्हटल्यावर शशिकलेने श्वास सोडला. चौथीनंतर ती शाळेची पायरी चढली नव्हती. ती चहाचा कप उचलणार तोच शैलेश म्हणाला, “एक मात्र पक्कं लागेल. ज्यांची घरं तुम्ही सांभाळता त्या प्रत्येक मालकाचं सहीचं अधिकारपत्र. आणि जुने भाडेकरार दाखवा, काम करत आलात याचा तो पुरावा.”

अंकिताने फाइल पुढे केली. शैलेश पानं उलटत गेला आणि एका करारापाशी थांबला. मालकीण हदासा जुडाह आपटेकर, मुक्काम इस्रायल. खाली निळ्या शाईत मराठीत ठसठशीत सही.

“या बाई सहीला इथे आल्या होत्या?”

शशिकलेने चहाचा कप दूर सारला.

शैलेशने मागचे करारही काढले. चार करार, चार सह्या. त्याने एकदा शशिकलेकडे पाहिलं, एकदा सुनेकडे, आणि फाइल बंद करून टेबलाच्या पलीकडच्या कडेला सरकवली.

“काकू, बाकीची फाइल ठेवा. हे चार कागद मी पाहिलेले नाहीत.” मग आवाज खाली आणून म्हणाला, “दुसऱ्याची सही करणं हा गुन्हा आहे. त्या बाईंनी किंवा त्यांच्या मुलांनी मनात आणलं तर पोलीस तुम्हाला घरातून घेऊन जातील. मिटवायचं असेल तर त्यांच्याकडून आधी अधिकारपत्र आणा.”

शशिकलेने ते चार कागद पिशवीत कोंबले आणि ती ऑफिसचा जिना उतरली.

“आई, तुम्ही का केलीत सही?” अंकिताने रस्त्यावर विचारलं.

या प्रश्नाचं उत्तर द्यायचं तर चाळीस वर्षं मागे जायला हवं होतं, आणि रिक्षा तर समोर उभी होती.

शशिकला बारा वर्षांची असताना हदासाबाईंकडे धुण्याभांड्याला लागली. बाई शाळेत शिक्षिका, घर बेने इस्रायलांचं, म्हणजे कोकणातल्या ज्यूंचं, अस्सल मराठी बोलणारं. शुक्रवारी दिवा लागला की शनिवारी तारे दिसेपर्यंत त्या घरात कुणी विस्तव पेटवायचं नाही, दिव्याचं बटण दाबायचं नाही, लिहायचं नाही. मग शनिवारी गॅस शशीने पेटवायचा. पोस्टमनही नेमका शनिवारी रजिस्टर पत्र घेऊन यायचा. बाई म्हणायच्या, “शशी, माझी सही कर गं.” बाईंनीच तिला स्वयंपाकघरात पाटीवर अक्षरं गिरवायला लावली होती, त्यामुळे तिचं अक्षर हुबेहूब बाईंचं. ‘ट’चं पोट मोठं, ‘र’चा पाय लांब ओढलेला. सही करणं हे तिच्या लेखी गॅस पेटवण्यासारखंच शनिवारचं काम होतं. पुढे बाईंचा नवरा वारला तशा त्या मुलाकडे, जोएलकडे, इस्रायलला राहायला गेल्या. जाताना चावी शशीच्या हातात ठेवली. पहिल्या भाडेकराराच्या वेळी शशीने फोन केला, तेव्हा बाई हसून म्हणाल्या, “शनिवारी करायचीस तशी कर.” भाडं थेट बाईंच्या बँकेत जायचं, शशीने त्यातल्या एका पैशाला हात लावला नव्हता. आपण गुन्हा करतोय असं तिच्या स्वप्नातही आलं नाही.

घरी येऊन तिने बाईंच्या नंबरवर फोन लावला. वाजत राहिला. दिवाळीनंतर बाईंचा आवाजच ऐकला नव्हता. मग जोएलला लावला.

“शशीताई?” जोएल म्हणाला आणि जरा थांबला. “तुला कळवायचं राहून गेलं. आई गेली गं. वीस जानेवारीला. झोपेतच गेली.”

शशिकलेची नजर भिंतीकडे गेली. समोर चाव्यांची फळी होती. पांढऱ्या दोऱ्याची एक चावी बाईंची. तिला वाटलं आता आपण रडणार, पण रडू आलंच नाही, कारण त्याच्या आधी एक तारीख आली. शेवटचा करार चौदा फेब्रुवारीचा होता.

मेलेल्या माणसाची सही. तिने केली होती, तिच्या हाताने, निळ्या शाईने, बाई जाऊन पंचवीस दिवस झाल्यावर.

“मी पुढच्या आठवड्यात येतोय,” जोएल फोनवर सांगत होता. “फ्लॅट माझ्या नावावर करायचा आहे. सगळे कागद काढून ठेव, बघायचे आहेत मला.”

“बरं,” ती म्हणाली.

तिने मोबाइल उघडून बाईंना पाठवलेला निरोप शोधला. ‘बाई, प्रणितचा करार संपला. परत करू का?’ तारीख दहा फेब्रुवारी. त्याखाली बाईंच्या फोनवरून उत्तरादाखल आलेला पिवळा अंगठा. बाई तर जानेवारीत गेल्या होत्या. अंगठा दाखवला कुणी?

त्या आठवड्यात शशिकला भीतीने अर्धी झाली. सुकापूरच्या नाक्यावर पोलिसांची गाडी दिसली की ती वळसा घालून मागच्या गल्लीने जायची. दारावर थाप पडली की हातातलं भांडं खाली पडायचं. नवरा दादू न्हावा शेव्याला ट्रेलर चालवतो, दोन दिवसांनी घरी आला तर विचारू लागला, “तुला काय झालाय? जेवत नाय, काय नाय.” तिने पित्ताचं निमित्त सांगितलं. करार जाळून टाकावा म्हणून ती एकदा गॅसपाशी जाऊन उभीसुद्धा राहिली. पण एक प्रत भाडेकरू प्रणितकडे होती आणि एक पोलीस ठाण्यात. भाडेकरूची माहिती पोलिसांना द्यायची असते, हा नियम तिने कधी चुकवला नव्हता. आपल्याच हाताने पुरावा नेऊन देऊन, वर पोचपावतीसुद्धा घेऊन आली होती.

सगळ्यात जास्त तिला फळीची भीती वाटायची. शशीने सही मारली, ही बातमी पनवेलमध्ये फिरायला किती वेळ लागणार? आज एक मालक चावी मागेल, उद्या दुसरा, आणि महिन्याभरात भिंतीवर नुसते सत्तावीस खिळे उरतील. पन्नाशी उलटलेल्या बाईला मग धुण्याभांड्याला तरी कोण ठेवणार? आणि या सगळ्यात बाईंसाठी डोळ्यांत एक टिपूस आला नाही, याची तिला वेगळीच शरम वाटत होती.

जोएल आला तो बुधवारी. गुरुवार-शुक्रवार सरकारी कचेऱ्यांत गेले. शनिवारी रात्रीचं विमान. त्यामुळे भेट ठरली शनिवारी दुपारी, बाईंच्याच फ्लॅटवर. प्रणितला त्या शनिवारी बंदरावर जादा ड्युटी होती, त्याने खुशाल घर उघडा म्हणून सांगितलं होतं. प्रार्थना आटोपून जोएल चालत आला. एकावन्न वर्षांचा, पोट सुटलेला, डोक्यावर टोपी. दाराच्या चौकटीला बाईंनी लावलेली प्रार्थनेची छोटी डबी अजून तशीच होती. शशिकलेने एकाही भाडेकरूला ती काढू दिली नव्हती. जोएलने तिला बोटं लावून ओठांना लावली आणि आत येऊन बसला.

“दाखव कागद.”

अंकिता बरोबर होती. तिने फाइल उघडून टेबलावर ठेवली. शशिकला उभीच राहिली. तिला बसायचं धैर्य झालं नाही.

जोएलने एकेक करार वाचला. शेवटच्या पानावर त्याचा हात थांबला. तो मनाशी काहीतरी मोजत होता.

“चौदा फेब्रुवारी शनिवार होता,” तो म्हणाला. मग त्याने मागच्या करारांवरच्या तारखा पाहिल्या. “हाही शनिवार. हाही.” साहजिकच होतं ते. भाडेकरूंना सुट्टी शनिवारी, आणि तिला सवयही शनिवारचीच. “माझी आई शनिवारी पेनाला हात लावायची नाही. आणि फेब्रुवारीत तर ती नव्हतीच. कुणी केली ही सही?”

एरवी ती शहरी लोकांशी शहरी बोलायची, पण घाबरली की गावची बोली आपोआप वर यायची.

“मी केली, जोएलबाबा. चारी मीच केल्या. बाय बोलल्या व्हत्या, शनवारी करायचीस तशी कर. या टायमाला मी त्यांना इचारला, त्यांचा अंगठा आला. त्या नाय हायत ते मना ठाव नव्हता. देवाशपत ठाव नव्हता.”

तिने मोबाइल पुढे धरला. अंकिताने निरोपाच्या तारखेवर बोट ठेवलं. जोएल त्या पिवळ्या अंगठ्याकडे बराच वेळ बघत राहिला.

“ही अविटल,” तो शेवटी म्हणाला. “माझी मुलगी. आईचा फोन तिच्याकडे असतो. तिला मराठी वाचता येत नाही. कुणाचा मेसेज आला की अंगठा पाठवते.”

पण त्याचा चेहरा सैल झाला नाही. “तरी सही ती सहीच, शशीताई. मी हे वकिलाला दाखवलं तर काय होईल, माहीत आहे तुला?”

“माहीत हाय,” ती म्हणाली. “तुमी न्या मना पोलिसात. पन बाकीच्या मालकांना सांगा, त्यांच्या कागदावर मी कदी हात नाय लावला. फक्त बायच्या.”

खालून रिक्षावाले ओरडत होते. शशिकलेला वाटलं आता तो उठेल, चावी मागेल आणि सगळं संपेल. तिने मुकाट्याने पिशवीतून पांढऱ्या दोऱ्याची चावी काढून टेबलावर ठेवली.

जोएल त्या चावीकडे बघत म्हणाला, “फक्त आईच्याच कागदावर? आठवीतलं माझं प्रगतिपुस्तक विसरलीस?”

शशिकलेने मान वर केली.

“सहामाहीचं. मी मुद्दाम शनिवारपर्यंत दप्तरात लपवून ठेवलं होतं, म्हणजे सही तू करशील आणि आई वाचणार नाही. मला वाटलं, शशीला मार्क कुठे कळतात.”

“गणितात अकरा,” शशिकला म्हणाली. “शंभरपैकी.”

जोएलच्या तोंडून हसू निसटलं आणि पाठोपाठ त्याने टोपी सारखी करून डोळे पुसले. “म्हणजे कळलं होतं. आणि आईला सांगितलं नाहीस.”

“तुमाला मार पडला असता.”

जोएलने फाइल बाजूला करून अंकिताला विचारलं, “काय करायला लागेल?” अंकिताने शैलेशकडून सगळं समजून आणलं होतं. शेवटचा करार रद्द करायचा, तसं जोएलने आणि प्रणितने लिहून द्यायचं. वारस म्हणून जोएलच्या नावाने नवा करार, तोही रीतसर नोंदवून. पोलीस ठाण्यात नवी माहिती. आणि घर सांभाळायचं अधिकारपत्र, शशिकलेच्या कंपनीच्या नावे. चुकलेलं पुसलं जात नाही असं शैलेशने बजावलं होतं, पण पुढचं सगळं सरळ व्हायला हरकत नव्हती. अंकिताने छापून आणलेले कागद टेबलावर मांडले आणि वर पेन ठेवलं.

जोएल ते वाचून मागे टेकला. “आज शनिवार. उद्या तुमची मिटिंग, आणि मी आठ वाजता निघणार.” आणि मग, अगदी त्याची आई म्हणायची त्याच सुरात, तो म्हणाला, “शशी, माझी सही कर गं. मी हो म्हणतोय, ही तुझी सून साक्षीदार.”

शशिकला पेनाकडे बघू लागली. नाही म्हटलं तर हा चिडेल, कागद राहतील, सोसायटीचं काम जाईल. हो म्हटलं तर दोन मिनिटांचं काम. ‘आपटेकर’ तर तिच्या बोटांत होतंच.

“नाय,” ती म्हणाली.

“अगं, मीच सांगतोय ना.”

“बायपन बोलल्या व्हत्या. नाय, जोएलबाबा. आता माज्या हातून दुसऱ्याचा नाव नाय उमटायचा. काम गेला तर जाऊ दे.” तिने पेन जोएलपुढे सरकवलं. “तारे दिसले की शनवार संपतो ना? मग थांबा. सोता करा.”

जोएल थांबला. तिघंही थांबली. सव्वासहाला ऊन गॅलरीतून निघून गेलं, सात वाजले तशी शशिकला गॅलरीत जाऊन उभी राहिली. लहानपणी हेच तिचं काम होतं. शनिवारी संध्याकाळी बाईंच्या जुन्या घराच्या अंगणात जायचं आणि तीन तारे मोजून आत ओरडून सांगायचं. मग बाई स्वतःच्या हाताने गॅस पेटवायच्या. तेव्हा आभाळ काळंभोर असायचं. आता बंदराकडे जाणाऱ्या गाड्यांची धूळ आणि इमारतींचे दिवे. तिला एक तारा दिसला. जिवात जीव आला तोच तो हलायला लागला आणि घरघरत विमानतळाकडे उतरला. दुसरा दिसला, तोही विमानच. आत जोएलची टॅक्सी ठरल्या वेळेआधीच खाली येऊन थांबल्याचा फोन वाजून वाजून बंद झाला. सव्वासात होऊन गेले. बाई, आज एवढे तीन दाखवा, ती मनात म्हणाली.

मग गच्चीवरच्या टाकीच्या वर एक दिसला, हलला नाही. त्याच्या डावीकडे दुसरा. तिसऱ्यासाठी मान दुखेपर्यंत बघावं लागलं.

“तीन,” ती आत ओरडली.

जोएलने प्रार्थनेचे दोन शब्द पुटपुटले, पेन उचललं आणि सही केली. इतकी वर्षं इस्रायलमध्ये राहून मराठी लिहायची सवय मोडली होती, म्हणून तो एकेक अक्षर सावकाश काढत होता. शशिकला टेबलाशी वाकून बघत उभी होती. ‘आपटेकर’ पुरं झालं. ‘ट’चं पोट मोठं, ‘र’चा पाय लांब ओढलेला. त्यालाही बाईंनीच शिकवलं होतं, त्याच स्वयंपाकघरात, त्याच पाटीवर.

शशिकला एकाएकी तोंडाला पदर लावून हुंदके देऊ लागली. बाई गेल्या होत्या. दोन महिने होऊन गेले होते आणि तिला आज कळत होतं.

“काय झालं, शशीताई?” जोएलने कागद उचलत विचारलं.

“काय नाय,” ती म्हणाली. “शाई वाळू दे आदी.”